पिवळं पान खालचं की वरचं? इंदूरच्या गच्चीवरच्या कुंड्यांचं निदान

गेल्या आषाढात शेजारच्या काकूंनी मला गच्चीवर हाक मारली. "अगं, ये ना जरा, लिंबाचं काय झालंय बघ. सगळं घालून झालं." सगळं म्हणजे खरोखरच सगळं घातलं होतं: युरिया, मोहरीच्या पेंडीचं पाणी, हाडांचा चुरा, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं. कागदी लिंबाचं झाड चार वर्षांचं, कुंडी अठरा इंची. खालची जुनी पानं गडद हिरवी होती आणि शेंड्याची कोवळी पानं लोण्यासारखी पिवळी. त्या पिवळ्या पानांवर हिरव्या शिरांची जाळी इतकी ठसठशीत होती की कुणी बारीक पेनाने काढली असावी.

मी त्यांच्याकडून वाटीभर पांढरं व्हिनेगर मागून घेतलं. कुंडीतली चमचाभर कोरडी माती स्टीलच्या वाटीत घेतली, त्यावर व्हिनेगर ओतलं आणि वाटी काकूंच्या कानाशी धरली. सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर येतो तसा चुरचुर आवाज येत होता, मातीवर बारीक बुडबुडे उठत होते. मातीत चुना आहे, हे त्या आवाजाने सांगितलं. लोह मातीत भरपूर होतं, पण झाडाला ते घेता येत नव्हतं. वर घातलेल्या पाच खतांनी या अडचणीत भरच पडली होती.

इंदूरच्या गच्च्यांवरची बहुतेक पिवळी पानं याच प्रकारची असतात, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. कुंडीतलं खत क्वचितच संपलेलं असतं, बहुतेक वेळा ते अडकलेलं असतं. त्यामुळे पान पिवळं दिसलं की खताच्या डब्याकडे जायच्या आधी पुढचं सगळं क्रमाने करा. क्रम महत्त्वाचा आहे, मधली पायरी गाळू नका.

आधी पाणी आणि मुळं

कुंडी उचलून बघा. मोठी असेल तर एका बाजूने तिरकी करा. पाणी घालून दोन दिवस झाले तरी जड लागते का? मग झाडूची एक काडी मातीत तळापर्यंत खुपसा आणि पाच मिनिटांनी काढा. वर कोरडी आणि खाली चिखल लागलेली निघाली, तर पाणी साचतंय. मुळांना हवा मिळत नसली की ती अन्न उचलत नाहीत आणि वरून दिसणारी लक्षणं हुबेहूब खताच्या कमतरतेची असतात.

आपल्याकडे उलटा प्रकारही तितकाच आढळतो, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. माळव्याची काळी माती वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, कुंडीत मातीचा गोळा कडेपासून सुटतो. मग आपण पाणी घालतो, ते त्या बोटभर फटीतून सरळ खाली उतरतं आणि तळाच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं कुंडी भरली. आतला गोळा मात्र विटेसारखा कोरडाच असतो. मे महिन्यात संध्याकाळी पाणी घालून झाल्यावर एकदा काडी खुपसून बघा. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी.

शंका उरलीच तर लहान झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघायला घाबरू नका. पांढरी किंवा फिकट बदामी, ताठ मुळं म्हणजे ठीक. तपकिरी, बोटाने ओढली की साल सुटून येणारी, कुबट वासाची मुळं म्हणजे सड. तिथे कुठलंही खत देऊ नका. सडलेली मुळं कापा, मोकळ्या मातीत लावा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा.

मग पानाची खालची बाजू

मिरचीची पानं आखडली की लोक कॅल्शियमच्या गोळ्या कुंडीत टाकतात. तो बोकड्या असतो, म्हणजेच चुरडामुरडा. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदी दोनदा टिचकीने झटका. कागदावर बारीक, लांबट ठिपके चालताना दिसले तर फुलकिडे. मिरचीचं पान कडांनी वर वळून होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळून देठ लांबलेलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड. टोमॅटोची शेंड्याची पानं लहान, कुरळी, पिवळसर कडांची झाली, झाड खुंटलं आणि हलवल्यावर पांढरी माशी उडाली, तर तो विषाणू आहे. त्यावर खत नाही आणि औषधही नाही. झाड उपटून पिशवीत बांधून टाका, नाहीतर बाकीची झाडंही जातील. मला स्वतःला चांगली वाढलेली झाडं उपटताना फार जड जातं, पण थांबून कधी फायदा झालेला नाही.

आता खरा प्रश्न: सुरुवात कुठून झाली?

पाणी, मुळं, कीड हे तिन्ही तपासून झालं तरच इथे या. झाडासमोर बसा आणि फक्त एवढंच बघा, की त्रास खालच्या जुन्या पानांवर आधी दिसला की शेंड्याच्या नव्या पानांवर.

यामागचं कारण समजून घेतलं तर पाठांतराची गरज पडत नाही. घरात धान्य कमी असलं की मोठी माणसं आपल्या ताटातलं लहानांना वाढतात. झाडही तेच करतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही चार द्रव्यं जुन्या पानातून सुटून नव्या पानाकडे जाऊ शकतात, म्हणून यांची चणचण असली की जुनं पान आधी उपाशी दिसतं. लोह, जस्त, मँगनीज, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. ती एकदा ज्या पानात बसली तिथून फारशी हलत नाहीत. जुन्या पानात ती असली तरी नव्याला उपयोग नाही, म्हणून त्रास शेंड्याला दिसतो. गंधक मधलं आहे, पण लक्षण बहुधा नव्या पानांवरच येतं.

खालच्या पानांपासून सुरुवात झाली असेल तर

पूर्ण पान, शिरांसकट, एकसारखं फिकट होत पिवळं पडलं, झाड एकूणच मलूल आणि वाढ मंद, तर नत्र कमी आहे. पावसाळ्यात सतत धो धो पाणी वाहून गेलेल्या कुंड्यांत हे नेहमी होतं. दुसरं कारण घरच्या कंपोस्टचं आहे. इंदूरमध्ये आता घरोघरी ओला कचरा वेगळा होतो, पुष्कळ जणी घरीच खत करतात, आणि ते अर्धं कच्चं असतानाच कुंडीत जातं. त्यात वाळकी पानं, भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे ओळखू येत असतील, तर ते कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि जिवाणू ते कुंडीतूनच ओढून घेतात. खत घातलं आणि झाड पिवळं पडलं, असं कोडं घालणाऱ्या बहुतेकींच्या घरी हेच घडलेलं असतं. पिकलेलं कंपोस्ट काळपट, मोकळं असतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि मुठीत गरम लागत नाही.

इथे थोडं थांबते, कारण हे आपल्या गावाचं देणं आहे. जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात, ती याच शहरात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथल्या संस्थेत, १९२४ ते १९३१ या वर्षांत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवली. त्यांच्याबरोबर यशवंत वाड होते आणि १९३१ साली या पद्धतीवरचं पुस्तक दोघांच्या नावाने निघालं. वाळका कचरा, ओला पाला, शेण आणि थोडी माती यांचे थर, पुरेसा ओलावा, आणि ठरावीक दिवसांनी उलथापालथ: मूळ गोष्ट एवढीच. उलथापालथ आणि धीर हे दोन आपण विसरतो. निदान तीन महिने तरी द्या.

नत्रासाठी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, दर दहा दिवसांनी, दोन वेळा. किंवा मोहरीची पेंड तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून. कोरडी पेंड कुंडीत पुरू नका, बुरशी आणि मुंग्या येतात.

जुनं पान शिरांच्या मध्ये पिवळं आणि शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियम. लिंबावर याची खूण फार सुंदर दिसते: पान कडांकडून पिवळं होतं आणि देठाजवळ हिरवा उलटा व्ही उरतो. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ५ ग्रॅम एक लिटर पाण्यात, पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. ज्यांनी पोटॅशचा मारा केलेला असतो त्यांच्याकडे हे जास्त दिसतं, कारण पालाश वाढला की मॅग्नेशियम उचललं जात नाही.

जुन्या पानाची फक्त कड तपकिरी, करपल्यासारखी, आतला भाग हिरवा, तर पालाश असू शकतो. पण मे महिन्यात घाई नको. पारा ४२-४३ अंशांवर गेला की पश्चिमेकडच्या उन्हाची पानं अशीच करपतात. झाडाभोवती फिरून बघा. एकाच बाजूची पानं करपली असतील तर हिरवी जाळी बांधा. चारी बाजूंनी सारखं असेल तरच सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला ३ ग्रॅम. साधं लाल-पांढरं म्युरिएट ऑफ पोटॅश कुंडीत टाळा, त्यातलं क्लोराइड साचतं. केळीच्या सालींचं पाणी आणि चुलीतली राख, दोन्हींवर माझा भरवसा नाही. सालीत पालाश असतो, पण एका झाडाच्या गरजेपुढे तो किरकोळ. राख तर आपल्या अल्कधर्मी मातीला आणखी अल्कधर्मी करते.

जांभळट झाक, विशेषतः टोमॅटोच्या रोपांच्या पानांखाली, ही स्फुरदाची खूण. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली उतरतो तेव्हा गार मातीतून मुळं स्फुरद उचलत नाहीत. कुंड्या भिंतीलगत उबेला हलवा, संक्रांतीनंतर ते आपोआप जातं. हाडांचा चुरा ओतू नका. स्फुरद जास्त झाला की जस्त आणि लोह दोन्ही अडतात.

कढीपत्त्याचं वेगळं. थंडीत तो पिवळा पडून पानं गाळतो, तो त्याचा विश्रांतीचा काळ आहे. फेब्रुवारीअखेर शेंडे खुडा, मग फुटतो. औषध नको.

वरच्या पानांपासून सुरुवात झाली असेल तर

कोवळं पान पिवळं, शिरांची हिरवी जाळी: लोह. काकूंचं लिंबू हेच. मोगरा, जास्वंद, गुलाब यांच्यावरही हेच दिसतं. फार वाढलं की शिराही फिक्या होतात आणि पान जवळजवळ पांढरं होतं.

पान लहान, अरुंद, शेंड्याला झुपका झाल्यासारखी पानं जवळजवळ, शिरांमध्ये फिकट चट्टे: जस्त. लिंबूवर्गात लोह आणि जस्त दोन्ही एकदम कमी पडलेलं बघायला मिळतं.

पूर्ण कोवळं पान शिरांसकट फिकट पोपटी: गंधक. हे क्वचित.

टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की सगळे कॅल्शियम म्हणतात आणि टरफलं घालतात. डागाचं कारण कॅल्शियम फळाच्या टोकाला न पोचणं हे खरं, पण आपल्या मातीत कॅल्शियमची वाण नाही. ते पाण्याबरोबर वर चढतं. एक दिवस कुंडी कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की टोकापर्यंत पोचत नाही. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं, आणि झाडांनाही तसंच मिळतं, गडबड तिथे आहे. रोज थोडं पाणी, वर वाळक्या पानांचं आच्छादन, पुढची फळं स्वच्छ येतात. अंड्याची टरफलं आम्लधर्मी मातीत हळूहळू विरघळतात, आपल्या मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात.

मातीचा आवाज ऐका

लोहाची शंका आली की व्हिनेगरची परीक्षा करा. बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, त्यात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात, पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप (७ म्हणजे मध्य), साडेसातच्या वर सहज असतो. बहुतेक द्रव्यं झाडाला ६ ते ७ या पीएचला नीट मिळतात. लोहाचं तर असं की पीएच एकाने वाढला की विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने घटतं. म्हणून मातीत गंजलेला खिळा पुरून लिंबू हिरवं होत नाही.

पीएच बघायचा असेल तर एक भाग माती, अडीच भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवा. नळाचं पाणी वापरलं तर तुम्ही नळाचाच पीएच मोजाल.

आषाढ-श्रावणात हा पिवळेपणा जास्त का होतो, असं काकूंनी विचारलं होतं. चुन्याच्या ओल्या, दमट मातीत मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड अडकतो, त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि ते लोहाची वाट आणखी अडवतं. पाऊस उघडून माती मोकळी झाली की थोडा फरक आपसूक पडतो.

आता पाणी. नळाला येणारं नर्मदेचं पाणी कुंड्यांना चालतं. बोअरचं पाणी जड असतं, बादलीच्या तळाला आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल तर तोच थर कुंडीतही बसतोय. आणि आरओच्या मशीनमधून वाया जाणारं पाणी कृपा करून कुंड्यांना घालू नका. पाणी वाचवण्याची भावना चांगलीच आहे, पण नळातले क्षार त्या पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला घ्या. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर घेऊन बघा: ५०० पर्यंत बिनघोर, त्यापुढे नाजूक झाडांना सांभाळून, २००० च्या आसपास तर नकोच. पावसाचं पाणी दोन ड्रम साठवता आलं तर ते लिंबू-मोगऱ्यासाठी राखून ठेवा.

कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी, पानांची टोकं तपकिरी आणि तुम्ही खत नियमित देत असाल, तर ही उपासमार नसून अतिरेक आहे. गडद हिरवी, खाली वाकलेली पानं आणि फूल नाही, हाही अतिरेकच, नत्राचा. खरपुडी खरवडून काढा आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट चांगलं पाणी हळूहळू सोडून तळातून वाहू द्या. नंतर महिनाभर खत बंद.

एका फांदीवर परीक्षा

इथपर्यंत आल्यावर तुमच्याकडे एक अंदाज असेल. तो सगळ्या झाडावर आजमावू नका. पिवळेपणा सारखा असलेल्या दोन फांद्या निवडा. एकीला लाल दोरा बांधा आणि फक्त तिच्या पानांना, दोन्ही बाजूंनी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्रावण कापसाने लावा. दुसरीला हात लावू नका. आठ-दहा दिवस थांबा. लाल दोऱ्याची फांदी हिरवी झाली आणि दुसरी नाही, तर निदान बरोबर. काहीच फरक नाही, तर पुढची शंका तपासा.

लोहासाठी: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, २ ते ३ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व १ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. ताजं करा, लगेच वापरा, तांबूस झालं की फेकून द्या. कपड्यांवर आणि फरशीवर डाग पडतात, हातमोजे घाला. जस्तासाठी: चिलेटेड झिंक, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं जस्त, अर्धा ते एक ग्रॅम लिटरला. बोरॉनच्या वाटेला घरी जाऊ नका, पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर फार थोडं आहे.

दुकानातून चिलेटेड लोह आणणार असाल तर डब्यावरची अक्षरं वाचा. लोह धरून ठेवणाऱ्या रसायनाचं नाव तिथे असतं, ईडीटीए किंवा ईडीडीएचए. मला एका दुकानात 'सगळं सारखंच' म्हणून ईडीटीएचा डबा दिला होता आणि मी तो दोन महिने मातीत ओतत राहिले. ईडीटीएतलं लोह साडेसहाच्या वरच्या पीएचला मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं. मातीत घालायचं असेल तर ईडीडीएचए हवं. ते नऊच्या पीएचपर्यंत टिकतं, महाग असतं, पाण्यात घातल्यावर गडद लाल रंग येतो. लिटरला १ ग्रॅम, ओल्या मातीत, महिन्यातून एकदा.

एका वेळी एकच उपाय, आणि कुंडीवर मार्करने तारीख. करपलेली कड परत हिरवी होत नाही, तिच्याकडे बघून खत वाढवू नका. निकाल फक्त नव्या पानावर बघायचा.

काकूंच्या कुंडीचं पुढे काय

फांदीवरच्या परीक्षेत लोह निघालं. दहाव्या दिवशी लाल दोऱ्याच्या पानांवर शिरांच्या बाजूने हिरवा रंग पसरू लागला होता, काकूंनी खाली येऊन पान हातावर ठेवून दाखवलं. मग सगळ्या झाडाला दोन फवारे आणि ईडीडीएचए एकदा दिलं. हाडांचा चुरा आणि टरफलं बंद केली.

पण चुन्याची माती कुंडीत असेपर्यंत हे दरवर्षी होणार. गंधकाची भुकटी घालून पीएच उतरतो, मात्र ते काम जिवाणू महिनोन्‌महिने करतात, आणि मोकळा चुना असला तर तो सगळं परत खाऊन टाकतो. म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला कुंडी बदलायचं ठरवलं. नव्या मिश्रणात काळी माती एक भागापेक्षा जास्त नाही, पिकलेलं कंपोस्ट एक भाग, कोकोपीट आणि भरड वाळू मिळून एक भाग. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्यायचं, त्यात क्षार असतात. वाळू घ्यायच्या आधी तिच्यावरही व्हिनेगर टाकून बघा. काकूंनी आणलेल्या पहिल्या पोत्यातली वाळू चुरचुरली, ती परत गेली.